विद्यार्थी मंडळे : वारसा आणि व्यवहार

मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडीचे नाव घेताच काही ठरावीक दृश्ये डोळ्यांपुढे उभी राहतात. टेकडीवरचा, १६८० च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला किल्ला. ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा चिखलपट्टा आणि हिवाळ्यापासून त्यावर उतरणारे रोहित पक्षी. महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय. आणि गोदी व गिरण्या यांच्या आधाराने वाढलेली कामगारवस्ती. याच शिवडीत एकोणिसाव्या शतकात एक बाग होती, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. ही बाग सरकारने उभारलेली नव्हती. ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या सभेने ती जोपासली होती. १८६५ मध्ये ती जमीन दफनभूमीसाठी घेण्यात आली आणि बाग इतिहासजमा झाली.

समविचारी माणसांनी एकत्र यावे, वर्गणी जमवावी, नियम ठरवावेत आणि एखादे लोकोपयोगी काम हाती घ्यावे, ही रीत मुंबईत ज्या काळी रुजली त्या काळाची ती बाग ही एक खूण होती. शहरातील प्रतिष्ठित नागरिकांचे पाहून विद्यार्थ्यांनीही ही रीत उचलली. नुसती उचलली असे नव्हे, तर काही बाबतींत ते वडीलधाऱ्यांच्याही पुढे गेले. आज मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत वाङ्मय मंडळे, नाट्यमंडळे, विज्ञान मंडळे, निसर्ग मंडळे आणि सेवापथके काम करीत आहेत. त्यांच्या उपक्रमांकडे अभ्यासक्रमाला जोडलेली शोभेची झालर म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. ही समजूत कितपत बरोबर आहे, विद्यार्थ्यांची मंडळे कशामुळे टिकतात आणि कशामुळे विरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विद्यापीठाआधीचे मंडळ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. परंतु मुंबईतील विद्यार्थ्यांचे पहिले महत्त्वाचे मंडळ त्याच्या नऊ वर्षे आधीच स्थापन झाले होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १३ जून १८४८ रोजी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही संस्था सुरू केली. नावाप्रमाणे साहित्य व शास्त्र या विषयांवर निबंध वाचणे आणि त्यांवर चर्चा करणे, हा तिचा मूळ हेतू होता.

या संस्थेतील मंडळींची नावे पुढे महाराष्ट्राला व देशाला परिचित झाली. दादाभाई नौरोजी त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते व त्याच विद्यालयात साहाय्यक शिक्षक म्हणून काम करीत होते. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचा अभ्यास करीत होते. १८५१ मध्ये त्या महाविद्यालयाची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली, तीत ते होते. पुढे सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष होण्याचा मान त्यांना मिळाला. विश्वनाथ नारायण मंडलिक हेही सोसायटीच्या कार्याशी निगडित होते. पुढे देशाच्या सार्वजनिक जीवनात या माणसांनी जे काम केले, त्याचा सराव त्यांना या सभेत मिळाला. टिपण तयार करणे, विरोधी मत शांतपणे ऐकून घेणे, ठराव मांडणे, जमाखर्च दाखविणे, या गोष्टी त्या काळी कोणत्याही वर्गात शिकविल्या जात नव्हत्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही सभा विद्यार्थ्यांची होती, तरी तिला शिक्षकांचा आधार होता. प्राध्यापकांनी तिला दिशा दाखविली, पण काम विद्यार्थ्यांच्या व तरुण पदवीधरांच्या हातून होत राहिले. विद्यार्थी मंडळ आणि शिक्षक यांचे नाते कसे असावे, याचा हा पहिला धडा होय.

निबंधातून निघालेल्या शाळा

सोसायटीच्या १८४९ मधील एका सभेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. अशा निबंधानंतर टाळ्या वाजवून सभा संपावयाची, हाच सर्वसाधारण क्रम असतो. येथे तसे झाले नाही. मुलींना शिकविले पाहिजे हे सर्वांना पटले असेल, तर शिकवायचे कोणी, असा पुढचा प्रश्न उभा राहिला आणि सभासदांतील काहींनी ते काम आपल्या अंगावर घेतले.

त्या काळची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय या निर्णयाचे मोल कळणार नाही. मुंबईत मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा त्याआधीपासून होत्या. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढून समाजाचा रोष पत्करला होता. पण मुंबईतील सामान्य हिंदू व पारशी कुटुंबांना मुलींना शाळेत पाठविणे ही कल्पनाच मानवणारी नव्हती. सोसायटीचे तरुण घरोघर फिरले. शाळेला इमारत नव्हती. म्हणून घराच्या ओटीवर मुलींना शिकवू द्यावे, एवढीच विनंती त्यांनी केली. काही पालकांनी आनंदाने होकार दिला. काहींनी, असली भलती गोष्ट पुन्हा काढलीत तर पायऱ्यांवरून खाली लोटू, असा दम भरला. दादाभाईंनी वृद्धापकाळी आपल्या तरुणपणाच्या आठवणी सांगताना ही हकीकत नमूद करून ठेवली आहे.

१८४९ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या निरनिराळ्या भागांत हे वर्ग सुरू झाले. आरंभी चव्वेचाळीस पारशी आणि चोवीस हिंदू मुली आल्या. एकूण अडुसष्ट! आजच्या हिशेबाने एका वर्गाची पटसंख्या. या मुलींना शिकविणारे स्वयंसेवक सकाळी, आपले विद्यालय भरण्यापूर्वी, विनावेतन वर्ग घेत आणि मग स्वतःच्या कामाला जात.

हा क्रम किती दिवस चालू शकला असता, याचे उत्तर सोपे आहे. शिकविणारे तरुण परीक्षा देणार, नोकरीला लागणार, गाव सोडणार. स्वयंसेवकांच्या उत्साहावर शाळा कायमची चालत नाही. परंतु सोसायटीने वेळीच पुढची व्यवस्था पाहिली. नाना जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली व आर्थिक भार उचलला. पारशी समाजातील दात्यांनी, विशेषतः कामा कुटुंबाने, पारशी मुलींच्या शाळांना साहाय्य केले. वर्गांना वेतन घेणारे शिक्षक मिळाले आणि पुढे पारशी मुलींच्या शाळा स्वतंत्र मंडळाच्या व्यवस्थेखाली गेल्या. विद्यार्थ्यांनी बी पेरले, रोप दिसू लागताच ते समाजाच्या स्वाधीन केले. दादाभाई १८५५ मध्ये व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले, तरी शाळा बंद पडल्या नाहीत. संस्थापक निघून गेल्यावर काम चालू राहिले की नाही, हीच कोणत्याही मंडळाची खरी कसोटी होय.

मातृभाषेतून ज्ञानप्रसार

सोसायटीचे दुसरे महत्त्वाचे कार्य भाषेच्या क्षेत्रातील होते. मुख्य सभेतील निबंध इंग्रजीत वाचले जात. इंग्रजी न जाणणाऱ्या लोकांपर्यंत हे ज्ञान पोहोचविण्यासाठी १८४८ मध्येच तिच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या. गुजरातीसाठी ज्ञानप्रसारक मंडळी आणि मराठीसाठी ज्ञानप्रसारक सभा अशी त्यांची रचना होती. मराठी सभेला व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे नेतृत्व लाभले. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू झाले आणि ते १८६७ पर्यंत चालले. ‘मुंबईचे वर्णन’ हा १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर यांनीही या सभेपुढे आपले निबंध वाचले.

एखादा विषय इंग्रजीत शिकणे एक, आणि तोच मराठीत समजावून सांगणे दुसरे. दुसऱ्या कामात आपल्याला तो विषय खरोखर किती कळला आहे, हे उघड होते. वाफेचे यंत्र, ग्रहण, व्यापार किंवा आरोग्य यांविषयी शाळेबाहेरच्या माणसाला सांगावयाचे तर नवे शब्द घडवावे लागतात, जवळचे दाखले शोधावे लागतात. मराठीतील शास्त्रीय व निबंधात्मक गद्याची जडणघडण होण्यास अशा सभांचा व नियतकालिकांचा मोठा हातभार लागला. आजही महाविद्यालयांतील मराठी वाङ्मय मंडळे आणि विज्ञान मंडळे एकत्र येऊन हे काम करू शकतात. दुर्दैवाने बहुधा ही दोन मंडळे एकमेकांच्या दारात पाऊलही ठेवीत नाहीत.

विद्यापीठ, महाविद्यालये आणि मंडळे

१८५७ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आरंभी शिकविणारे नव्हते. ते परीक्षा घेणारे व पदव्या देणारे विद्यापीठ होते. १८६२ मध्ये पहिले कला पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी होत. विद्यापीठाच्या या रचनेमुळे विद्यार्थीजीवन महाविद्यालयाभोवतीच गुंफले गेले आणि मंडळेही महाविद्यालयांतच वाढली. वादविवाद, वक्तृत्व, नियतकालिके, क्रीडा, नाट्य असा त्यांचा व्याप हळूहळू विस्तारला.

मुंबईच्या मध्यभागाच्या दृष्टीने विचार करता या विस्ताराला एक वेगळे परिमाण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी परळ, लालबाग, शिवडी या भागांत गिरण्यांची व गोदीची कामगारवस्ती दाटीने वाढली. १९११ मध्ये नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये व इतर सोयी उभ्या केल्या. ही विद्यार्थ्यांची संस्था नव्हती, हे खरे. परंतु सुशिक्षित तरुणाने संध्याकाळी कामगारवस्तीत जाऊन शिकवावे, हा पायंडा तिच्यासारख्या संस्थांमुळे पडला. गिरगावच्या ओट्यांवर निघालेली वाट अशा रीतीने परळच्या चाळींपर्यंत आली.

विद्यार्थी मंडळांचे आणखी एक रूप येथे सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. बाबासाहेबांचे स्वतःचे विद्यार्थीजीवन परळच्या चाळीत आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले होते. सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. सरकार पक्ष, विरोधी पक्ष आणि सभापती अशी रचना करून विद्यार्थी राष्ट्रीय प्रश्नांवर चर्चा करीत. बाबासाहेबांनीही या संसदेपुढे भाषणे केली. संसदीय रीतीने मतभेद व्यक्त करण्याची सवय नागरिकाला लहान वयात लागली पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

येथे विद्यार्थी परिषद आणि विद्यार्थी मंडळ यांतील फरक स्पष्ट करणे इष्ट ठरेल. परिषद ही कायद्याने निर्माण केलेली प्रतिनिधिक संस्था आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तिची तरतूद आहे व विद्यार्थी विकासासाठी स्वतंत्र मंडळाचीही व्यवस्था आहे. याउलट वाङ्मय मंडळ, निसर्ग मंडळ किंवा सेवापथक हे आवडीतून व इच्छेतून उभे राहते. परिषद विद्यार्थ्यांच्या वतीने बोलते. मंडळ विद्यार्थ्यांच्या हातून काम करविते. दोहोंची गरज आहे, परंतु एकाचे काम दुसऱ्यावर सोपवून चालत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना

विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवेला देशव्यापी स्वरूप मिळाले ते राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सदतीस विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या सहभागाने ही योजना सुरू झाली. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे तिचे बोधवाक्य आणि कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र हे तिचे चिन्ह आहे.

योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला एकशे वीस तास, याप्रमाणे दोन वर्षांत दोनशे चाळीस तास काम करावयाचे असते. वर्षाच्या एकशे वीस तासांपैकी वीस तास प्रशिक्षणासाठी, तीस तास महाविद्यालयाच्या आवारातील कामासाठी आणि सत्तर तास प्रत्यक्ष वस्तीतील कामासाठी, अशी विभागणी सांगितली आहे. याशिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर असते. दत्तक घेतलेल्या गावात किंवा वस्तीत काम करावे, अशी अपेक्षा आहे. ‘दत्तक’ हा शब्द मुद्दाम योजलेला आहे. दत्तक घेतलेल्याला अर्ध्या वाटेत सोडावयाचे नसते.

अलीकडे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि सहअभ्यासक्रम यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. जे काम आजवर केवळ हौसेचे मानले जाई, त्याला अभ्यासक्रमात स्थान मिळाले, ही स्वागतार्ह बाब होय. त्याबरोबर एक जबाबदारीही आली आहे. श्रेयांकासाठी आलेला विद्यार्थी तास भरले की निघून जाईल, हा धोका आहे. १८४९ मधील स्वयंसेवकांना कोणी गुण देत नव्हते. श्रेयांक हे वस्तीत पहिले पाऊल टाकण्याचे निमित्त व्हावे; तेथून परतण्याची घंटा होऊ नये.

शिवडीतील एक वर्ग

हा धोका प्रस्तुत लेखकाने स्वतः अनुभवला आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, कला शाखेत शिकत असताना, आम्ही सात-आठ विद्यार्थ्यांनी शिवडीतील एका चाळीत मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. कित्येक घरांत वडील घरी बसलेले आणि आई चार ठिकाणी कामाला जाणारी, अशी परिस्थिती होती. दहा बाय दहाच्या खोलीत मुलांना वही उघडायलाही जागा नसे. चाळीतील मंडळींनी तळमजल्यावरची एक खोली दिली. पहिल्या आठवड्यात नऊ मुले आली; दिवाळीपर्यंत ती तीस झाली. उद्घाटनाला पाहुणे आले, छायाचित्रे निघाली, महाविद्यालयाच्या वार्षिकात लेखही छापून आला.

फेब्रुवारी उजाडला आणि आमच्या परीक्षा जवळ आल्या. आधी दोघे येईनासे झाले, मग चौघे. मार्चमध्ये वर्ग बंद पडला. बंद करण्याचे कोणी ठरविले नाही. तो आपोआप बंद झाला. खोलीची किल्ली शेवटी कोणाकडे होती, हेही आम्हांला सांगता आले नसते. जूनमध्ये त्या रस्त्याने जात असता चौथीतील एक मुलगी भेटली. तिने विचारले, “दादा, वर्ग कधी भरणार?” तिच्या त्या प्रश्नात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरे झाले असते. आमच्याही परीक्षा झाल्या होत्या. पण तिच्या परीक्षेच्या वेळी आम्ही तेथे नव्हतो.

चूक आमच्या हेतूत नव्हती, व्यवस्थेत होती. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना आम्ही सोबत घेतले नव्हते. मुलांची नावे, इयत्ता, कोण कोणत्या विषयात मागे आहे, याची नोंद एका वहीत होती. ती वही कोणाच्या तरी घरी राहिली. चाळीतील एखाद्या शिकलेल्या ताईला किंवा काकांना वर्गात सामील करून घेण्याचा विचारही आमच्या मनात आला नाही. सोसायटीच्या तरुणांना दीडशे वर्षांपूर्वी जे सुचले, ते आम्हांला सुचले नव्हते.

सातत्याची दोन उदाहरणे

शिवडीतच असे दोन विषय आहेत की, ज्यांत सातत्याशिवाय काम होऊच शकत नाही. पहिला क्षयरोगाचा. या रोगावरील नेहमीचा उपचार निदान सहा महिने चालतो. थोडे बरे वाटताच औषध सोडले, तर रोग उलटतो व औषधांना दाद न देणारे त्याचे स्वरूप उद्भवण्याचा धोका असतो. म्हणूनच रुग्णाला औषधाबरोबर पोषक आहार आणि धीर यांची आवश्यकता असते. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला दरमहा मिळणारे पाचशे रुपयांचे अर्थसाहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये करण्यात आले आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियानात व्यक्ती व संस्था ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी करून, रुग्णाच्या संमतीने, त्याला किमान सहा महिने पोषण आहाराचे साहाय्य देऊ शकतात.

विद्यार्थी मंडळाला यात भाग घेता येईल. परंतु मंडळाने आधी हिशेब करावा. डिसेंबरात घेतलेली जबाबदारी मे महिन्यात संपते; मध्ये परीक्षा आहेत, सुट्टी आहे. त्या काळात आहाराचा संच कोण पोहोचविणार, हे ठरल्याशिवाय नाव नोंदवू नये. पाच रुग्णांना तीन महिने मदत करून थांबण्यापेक्षा एका रुग्णाला सहा महिने साथ देणे श्रेयस्कर होय. तसेच रुग्णाचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करू नये, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सूचनेवाचून कक्षात जाऊ नये आणि औषधाविषयी सल्ला देण्याचे धाडस करू नये. रोगाविषयीचा गैरसमज आणि रुग्णाला मिळणारी दूरची वागणूक कमी करणे, हे मात्र विद्यार्थ्यांना चांगल्या रीतीने करता येण्याजोगे काम आहे.

दुसरे उदाहरण चिखलपट्ट्यावरील पक्ष्यांचे. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने शिवडीच्या रोहित पक्ष्यांकडे अभ्यासकांचे व नागरिकांचे लक्ष वेधले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू खुला झाल्यानंतर या किनाऱ्याचे रूप बदलले आहे. अशा वेळी पक्ष्यांच्या नोंदींचे महत्त्व वाढते. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना स्वयंसेवकांच्या बळावर चालते. या गणनेचे शास्त्रीय मोल एकाच गोष्टीत आहे : तेच ठिकाण, तोच हंगाम, तीच पद्धत, वर्षानुवर्षे. एका वर्षाची मोजणी ही केवळ संख्या असते. वीस वर्षांची मोजणी हा पुरावा असतो. महाविद्यालयातील निसर्ग मंडळात दर तीन वर्षांनी सारे चेहरे बदलतात. म्हणूनच मोजणारा बदलला तरी वही तीच राहिली पाहिजे.

मंडळ कसे चालवावे

वरील विवेचनावरून विद्यार्थी मंडळांच्या चालकांना उपयोगी पडतील असे काही मुद्दे हाती लागतात.

पहिला मुद्दा उद्दिष्टाचा. एका वाक्यात सांगता येईल असे एकच काम निवडावे. ‘समाजसेवा’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘अमुक चाळीतील पाचवी ते सातवीच्या मुलांचा गणिताचा वर्ग, आठवड्यातून तीन दिवस’ हे उद्दिष्ट होय.

दुसरा मुद्दा वेळापत्रकाचा. काम सुरू करण्यापूर्वी विद्यापीठाच्या परीक्षांचे दिवस पंचांगासारखे समोर ठेवावेत. विद्यार्थ्यांना ज्या आठवड्यांत येता येणार नाही, त्या आठवड्यांची सोय आधी करावी. वस्तीतील एखादी व्यक्ती, माजी विद्यार्थी किंवा शेजारच्या महाविद्यालयाचे मंडळ यांची त्यासाठी मदत घ्यावी.

तिसरा मुद्दा कारभार सोपविण्याचा. पदाधिकाऱ्यांची निवड वर्षाच्या आरंभी न करता आधीच्या वर्षाच्या अखेरीस करावी. जुने व नवे पदाधिकारी निदान दोन महिने बरोबर काम करतील, असे पाहावे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना खुर्च्या मांडण्यापुरते न बोलाविता जबाबदारीचे काम द्यावे. मंडळाचे उद्याचे आयुष्य त्यांच्याच हाती असते.

चौथा मुद्दा नोंदींचा. सभेचे इतिवृत्त, जमाखर्चाची वही आणि कामाची नोंदवही ही तीन पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा प्रभारी प्राध्यापकांच्या कपाटात राहावीत, कोणाच्याही घरी नेऊ नयेत. १८४८ च्या सोसायटीची हकीकत आज आपणांस सांगता येते, ती तेव्हाच्या तरुणांनी लिहून ठेवले म्हणून. मोबाइलमधील संदेश हे इतिवृत्त नव्हे. दूरध्वनी बदलला की मंडळाची स्मृती पुसली जाते.

पाचवा मुद्दा पैशाचा. रक्कम लहान असली तरी पावती द्यावी व वर्षाअखेरीस हिशेब फलकावर लावावा. सार्वजनिक पैशाची चाड ज्याला विसाव्या वर्षी लागली, तो पुढे कोठेही गेला तरी ती विसरत नाही.

सहावा मुद्दा वस्तीचा. काम कोणते करावे हे वस्तीला विचारून ठरवावे. विद्यार्थ्यांना भिंती रंगवावयाच्या असतात आणि वस्तीला नळाचे वेळापत्रक हवे असते, असे पुष्कळदा घडते. विचारणे हा कामाचाच भाग आहे.

शेवटचा मुद्दा शिक्षकांचा. प्रभारी प्राध्यापकांनी प्रत्येक निर्णय स्वतः घेतला तर मंडळ विद्यार्थ्यांचे राहत नाही. आणि त्यांनी केवळ सही करावयाची असे ठरविले तर मंडळ फार दिवस राहत नाही. विद्यार्थी तीन वर्षे असतो, शिक्षक त्याहून अधिक काळ. सातत्याचा धागा सांभाळणे, हे शिक्षकाचे काम होय.

समारोप

विद्यार्थी मंडळे म्हणजे शिक्षणाला लावलेली झालर, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मुंबईत तरी विद्यापीठाच्या आधी मंडळ आले आणि त्या मंडळातून मुलींच्या शाळा, मराठीतील शास्त्रविचार व सार्वजनिक कार्यकर्त्यांची एक पिढी निर्माण झाली. त्या तरुणांपाशी इमारत नव्हती, अनुदान नव्हते, श्रेयांक नव्हते. निबंध वाचून झाल्यावर ‘मग हे करायचे कोणी?’ असे विचारण्याची हिंमत होती आणि सुरू केलेले काम आपल्या मागे चालेल अशी व्यवस्था लावण्याचा विवेक होता.

आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्याहून अधिक साधने उपलब्ध आहेत. परळ-शिवडीच्या परिसरात अभ्यासाला जागा नसलेली मुले आहेत, सहा महिन्यांच्या उपचाराशी झगडणारे रुग्ण आहेत, बदलत्या किनाऱ्यावर उतरणारे पक्षी आहेत. या कामांसाठी उत्साही उद्घाटनांची उणीव नाही. उणीव आहे ती दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी त्याच खोलीचे दार त्याच वेळी उघडणाऱ्यांची. महाविद्यालयांचे नवे वर्ष सुरू होताना प्रत्येक मंडळाने आपल्या पहिल्या सभेत नव्या उपक्रमांची यादी करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : गेल्या वर्षी सुरू केलेल्या कामाची किल्ली आज कोणाकडे आहे? तिचे उत्तर ज्या मंडळाला लगेच देता येईल, त्या मंडळाच्या दारातून कोणतेही मूल वर्ग कधी भरणार, असे विचारीत परत जाणार नाही.